खाणीच्या कन्व्हेयरचं काम जळगावात बसून, आणि सगळं ऑनलाइन सिस्टीमवर : माझा अनुभव

जळगाव एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. डाळ मिल, गोडाऊन, पाईप फॅक्टरी, यांची स्ट्रक्चरं ही आमची नेहमीची कामं, आणि मी तिथे क्वालिटी आणि प्लॅनिंग दोन्ही बघते. मध्यंतरी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका ओपनकास्ट कोळसा खाणीची ऑर्डर मिळाली, कन्व्हेयर गॅलरी (कोळशाचा बेल्ट ज्यातून जातो तो लोखंडी सांगाडा) आणि तिच्याखालचे ट्रेसल म्हणजे तिला उचलून धरणारे उंच लोखंडी पाय, आणि ऑर्डरसोबतच मेन कॉन्ट्रॅक्टरची अट आली की ड्रॉइंग, इन्स्पेक्शन, डिस्पॅच, बिल सगळं त्यांच्या ऑनलाइन सिस्टीमवरूनच होणार, कागद चालणार नाही. आपल्याकडच्या दोन-तीन शेडवाल्यांनी विचारलं कसं जमवलं म्हणून, तर जरा सविस्तरच लिहिते.

आधी हे काम कशाचं ते सांगते. कोल इंडियाचे फर्स्ट माईल कनेक्टिव्हिटीचे प्रोजेक्ट चालू आहेत, त्यात खाणीतला कोळसा टिपरने रस्त्यावरून सायडिंगला (रेल्वेच्या लोडिंग लाईनला) न्यायच्या ऐवजी बेल्टवरून सायलोत, म्हणजे उंच कोठारात जातो आणि सायलोतून थेट वॅगनमध्ये पडतो. धूळ कमी, रस्त्यावरचे टिपर कमी. दीपनगरच्या थर्मल पॉवर स्टेशनला येणारे रेक, म्हणजे कोळशाच्या मालगाड्या, आपण भुसावळला बघतोच, तसल्या एका रेकमध्ये साधारण ४,००० टन कोळसा असतो, म्हणजे बेल्टची लाईन किती महत्त्वाची ते बघा, मधली एक गॅलरी जरी अडली तरी पुढचं सगळं बसून. आणि फाउंडेशन एकाचं, लोखंड आमचं, बेल्ट आणि ड्राइव्ह तिसऱ्याचं, इलेक्ट्रिक चौथ्याचं, सगळे वेगवेगळ्या गावात. म्हणून त्यांना सगळ्यांची माहिती एका ठिकाणी हवी असते आणि ते मला मनापासून पटतं.

सुरुवात ड्रॉइंगपासून झाली. आधी ड्रॉइंग मेलवर यायचं, कुणी व्हॉट्सॲपवर टाकायचं, शेडमध्ये भिंतीला एक चिकटवलेलं आणि फिटरच्या खिशात दुसरंच. इथे आयएसओ १९६५० ची पद्धत होती, बांधकामाची डिजिटल माहिती कशी सांभाळायची याचं २०१८ मध्ये आलेलं स्टँडर्ड आहे ते, त्यात फाईल चार अवस्थांतून जाते, काम चालू, शेअर केलेली, पब्लिश झालेली आणि शेवटी अर्काइव्ह. आम्ही एकच नियम केला की पब्लिश झालेलं असेल तरच गॅसकटर पेटवायचा, बाकी कुणाचा कितीही फोन येऊ दे. ड्रॉइंगसोबत आयएफसी फॉरमॅटमधलं थ्रीडी मॉडेल मिळतं, ते फुकटच्या व्ह्यूअरमध्ये उघडतं, महागडं सॉफ्टवेअर घ्यावं लागत नाही हे लक्षात ठेवा. शेडच्या ऑफिसमध्ये मोठा टीव्ही लावला आणि त्यावर गॅलरी फिरवून दाखवली तर आमचे फोरमन नाना, जे पहिल्या दिवशी म्हणाले होते "ताई, फोटू काढीसन लोखंड जुडस का?", तेच पुढे होऊन एक गसेट प्लेट (जोडावरची प्लेट) दाखवायला लागले की इथे पाना फिरायला जागा नाही. तो मुद्दा तिथल्या तिथे मॉडेलवर पिन लावून डिझायनरला पाठवला आणि कटिंगच्या आधी डिटेल बदलून आलं. नानांचं चाळीसेक वर्षांचं डोकं त्या सिस्टीममध्ये उतरलं ना, त्याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

खरी कसरत हीट नंबरची. प्लांटमध्ये स्टीलच्या प्रत्येक घाण्याला नंबर असतो, मिल टेस्ट सर्टिफिकेटवर त्याच नंबरखाली केमिकल, यील्ड (किती ताणावर स्टील कायमचं वाकायला लागतं), टेन्साइल (किती ताणावर तुटतं) सगळं लिहिलेलं, आमचं मटेरियल आयएस २०६२ चं ई २५० होतं म्हणजे यील्ड किमान २५० एमपीए पाहिजे. पूर्ण प्लेटवर नंबर असतोच, पण प्लेटचे तुकडे केले की एका तुकड्यावर नंबर राहतो आणि बाकीचे मुके. म्हणून कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर हीट नंबर हार्ड पंचने उतरवायचा, फोटो काढायचा आणि मग कापायचं, आणि सिस्टीमवर मार्क नंबरला, म्हणजे ड्रॉइंगवरच्या त्या भागाच्या नंबरला, तो हीट नंबर जोडायचा. हे संध्याकाळी ऑफिसात बसून भरायचं नाही, ज्याने पंच मारला त्यानेच तिथे उभं राहून भरायचं. आमच्या हेल्पर पोरांना ॲपचं इंग्रजी जड जात होतं तर मी कुठलं बटण कधी दाबायचं ते मराठीत लिहून लॅमिनेट करून प्रत्येक बेडवर टांगलं, त्यानंतर गाडी सुरळीत. आणि इन्स्पेक्टरने एका बटवेल्डचा (दोन प्लेट टोकाला टोक लावून केलेल्या वेल्डचा) अल्ट्रासॉनिक तपासणीचा रिपोर्ट मागितला तेव्हा वेल्डर, वेल्डिंग प्रोसिजर, दोन्ही बाजूंचे हीट नंबर असं सगळं नानांनी मोबाईलवर स्वतः काढून दाखवलं.

प्रत्येक मेंबरवर स्कॅन करायला क्यूआर स्टिकर लावायचं असतं, त्या क्यूआरचं एक सांगते कारण हे कुणी आधी सांगत नाही. स्टिकर फिटअपला, म्हणजे तुकडे जुळवतानाच, लावलं तर शॉट ब्लास्टिंगमध्ये (पेंटच्या आधी छर्‍यांनी गंज काढतात त्यात) जातं आणि वाचलं तर पेंटखाली जातं. म्हणून मार्क नंबर हार्ड पंच, तो पेंटखालीही वाचता येतो, पेंटिंगपर्यंत तारेने बांधलेला पत्र्याचा टॅग, आणि क्यूआर फायनल कोट वाळून पेंटच्या जाडीचं मायक्रॉनमधलं रीडिंग घेतल्यावरच. जागा पण ठरवून टाका, सगळ्या मेंबरला एकाच टोकाला, नाहीतर साईटवर क्रेन उभी ठेवून माणसं स्टिकर शोधत बसतात.

आता मापाचं. जळगावचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, पारा ४५ च्या आसपास आणि यार्डात पडलेलं लोखंड तर त्याहून कितीतरी तापलेलं. लोखंड एका मीटरला एका डिग्रीमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं, म्हणजे १२ मीटरच्या मेंबरचं आणि सावलीतून आणलेल्या टेपचं तापमान २० डिग्रीने वेगळं असेल तर मापात जवळपास ३ मिमी फरक येतो. एम २० म्हणजे २० मिमीच्या बोल्टला होल २२ मिमीचं, म्हणजे खेळायला जागाच २ मिमी. सिस्टीममध्ये इन्स्पेक्शनच्या फॉर्मवर वेळ आपोआप पडते, त्यामुळे दुपारची मापं कोणती आणि सकाळची कोणती ते उघडं दिसायला लागलं, मग आम्ही फायनल मापं सूर्य वर यायच्या आतच घ्यायला लागलो, टेप आदल्या रात्रीपासून मेंबरवरच ठेवून.

आणि ज्यामुळे माझा या पद्धतीवर पूर्ण विश्वास बसला ती गोष्ट म्हणजे बेसप्लेट, कॉलमच्या तळाची फाउंडेशनवर बसणारी प्लेट. साईटवर फाउंडेशन बोल्ट ओतून झाले की सर्व्हेअर टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राने त्यांची जागा मोजून मॉडेलवर टाकायचा. एका ट्रेसलचे बोल्ट ड्रॉइंगपासून बरेच सरकलेले निघाले, आम्ही तेव्हा बेसप्लेट कापून ठेवल्या होत्या पण ड्रिल केल्या नव्हत्या. डिझायनरने सुधारित होल पब्लिश केले, आम्ही तसे पाडले, आणि तिकडे कॉलम सरळ बसला. हेच जुन्या पद्धतीत असतं तर माल हायवेने अकोला-अमरावती करत तिकडे पोचल्यावर कळलं असतं आणि मग खाणीत गॅसकटरने होल मोठे करत बसलो असतो, तेही ब्लास्टिंगच्या वेळी सगळ्यांना बाजूला काढतात त्या वेळा सांभाळून. खाणीत नवा माणूस नुसता पाठवता पण येत नाही, आधी मेडिकल, मग व्होकेशनल ट्रेनिंग, तेव्हा गेट पास. इरेक्शनला म्हणजे साईटवर उभारणीला माणसं पाठवणार असाल तर ही तयारी फॅब्रिकेशन चालू असतानाच करा. आणि साईटवर मातीच्या डंपमागे नेटवर्क जातं, तर ॲप ऑफलाइन चालतं का ते आधी बघून घ्या.

पैशाचं म्हणाल तर स्टेजप्रमाणे बिल, मटेरियल, फॅब्रिकेशन, डिस्पॅच, इरेक्शन. सिस्टीमवर ती स्टेज हिरवी झाली की बिल टाकता येतं, रिपोर्टची गठ्ठी घेऊन कुणाच्या केबिनबाहेर बसावं लागलं नाही. पण वजन कोणतं धरणार हे पीओमध्ये (परचेस ऑर्डरमध्ये) लिहूनच घ्या. मॉडेल नेट वजन देतं, तिरकी कापलेली प्लेट असेल तर तेवढीच मोजतं, आणि आपण प्लेट विकत घेतो ती पूर्ण चौकोनी. काटापावतीवर जे येतं त्यात पेंट आणि वेल्डही असतं. आम्ही रेट देतानाच मॉडेलच्या नेट वजनावर वेस्टेज धरून दिला होता म्हणून निभावलं. तुम्ही कोटेशन टाकायच्या आधी मॉडेल मागा, एक्सेलमध्ये मार्कप्रमाणे वजन काढून बघा, आणि मगच आकडा कळवा.