फ्रीजरमधून आलेलं कातडं: आमची वाटचाल

वडील कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाचे परिचर होते. संग्रहालयाच्या कपाटांच्या किल्ल्या त्यांच्याकडे, मोडक्या नमुन्यांची डागडुजीही त्यांच्याकडेच. मेलेल्या जनावराचं कातडं टिकवून, आत भराव घालून ते जिवंत असल्यासारखं उभं करायचं, हे टॅक्सिडर्मीचं काम; त्यातलं मीठ लावणं, तुरटीत कातडं कमावणं आम्ही दोघं भाऊ तिथंच शिकलो. पुढं पुण्यात धायरीला पत्र्याची शेड घेतली आणि कॉलेजांसाठी कोंबड्या, पाळीव ससे, बोकडाची मुंडकी करून देऊ लागलो. पैसे मार्चअखेर मिळायचे, तेही हेलपाटे घातल्यावर.

धंद्याला वळण लागलं २०२० च्या टाळेबंदीत. घरचं कुत्रं-मांजर गेलं तरी लोकांना आमच्यापर्यंत येता येईना. मग मिळेल त्या फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि काही महिन्यांनी घेऊन यायचे. असलं काम घेऊ नये, असं वडील सांगायचे. आम्ही घेतलं, कारण दुसरं काम नव्हतं.

फ्रीजरमध्ये कातडं दोन तऱ्हांनी बिघडतं. एक म्हणजे सुकणं. बर्फ न वितळता थेट वाफ होऊन उडतो; कान, ओठ, नाकाचा शेंडा, पंजाच्या गाद्या पुठ्ठ्यासारख्या कडक होतात. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये पंखा कोरडी हवा फिरवत राहतो, त्यामुळे तिथं हे लवकर होतं. दिसायला भयंकर, पण बरंचसं सुधारतं. दुसरं म्हणजे कुजणं. वीज गेली, जनावर वितळलं, पुन्हा गोठलं. वरून सगळं ठीक दिसतं, पण केसांची मुळं सैल झालेली असतात. त्यावर इलाज नाही. म्हणून जनावर थोडं सैलावलं की आधी पोटावरचे आणि कानामागचे केस चिमटीत धरून हलकेच ओढायचे. केसांबरोबर पापुद्रा सुटून आला, तर आगाऊ रक्कम तिथल्या तिथं परत. ग्राहक रडतो, क्वचित भांडतोही.

केस टिकून असले, तर जनावर साध्या फ्रीजमध्ये सावकाश वितळू द्यायचं. सोललेलं कातडं जंतुनाशक घातलेल्या थंड मिठाच्या पाण्यात, कानांवर ओल्या फडक्यांच्या घड्या. गरम पाणी कधीच नाही: साधारण ६० अंशांच्या पुढं कच्च्या कातड्याचे तंतू आकसतात ते कायमचे. मऊ पडेल तसं आतून तासायचं, बारीक मीठ चोळायचं, मग आम्लाचं पाणी, मग कमावणं. सगळ्यांत जास्त वेळ कान खातात. कूर्चा सुटी करताना सुकलेली कड फाटतेच, आणि कडेला थोडी दुमड राहते. ते आम्ही आधीच सांगतो.

पोपट, मोर, मुंगूस घेत नाही. पोपट घरात लहानाचा मोठा झालेला असला तरी नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यापुढं माया चालत नाही.

आता फोन आला की पहिल्यांदा हेच सांगतो: नाका-कानांवर ओला कापूस ठेवा, पाय पोटाशी दुमडा, दोन पिशव्यांत हवा काढून बांधा. एवढं केलं तर आमचं निम्मं काम वाचतं, तुमचेही पैसे वाचतात.

फ्रीज-ड्रायिंगचं, म्हणजे गोठलेलं जनावर निर्वातात सुकवण्याचं यंत्र घ्या, असं पुष्कळ जण सुचवतात. कुत्र्यासारखं जनावर त्यात महिनोन्‌महिने अडकून राहतं, आणि तेवढा वेळ वीज अखंड हवी. धायरीत ती मिळेल तेव्हा बघू.