तुम्ही विचारलंत म्हणून: कायम ती ॲसिडचीच गुहा का?

दर रविवारी संध्याकाळी फोंड्याला माझ्याकडे पोरं खेळायला जमतात. भाचा, त्याचे कॉलेजचे मित्र, खालच्या मजल्यावरचे दोघे भाऊ, आणि दर वेळी एखादा नवीन चेहरा असतोच जो अर्ध्या तासात कंट्रोलर मांडीवर टाकून विचारतो, "दादा, शंभरच्या वर स्टेज आहेत या गेममध्ये, तुम्ही कायम ती ब्रिन्स्टारच का लावता? आणि वर हॅझर्ड चालू ठेवून?" (हॅझर्ड म्हणजे स्टेजचा स्वतःचा धोका, इथे खालून चढणारं ॲसिड.) मी आजपर्यंत "मजा येते रे" म्हणून वेळ मारून नेत आलोय. मागच्या रविवारी तिघांनी एकाच दिवशी विचारलं, म्हणून आता एकदाच काय ते लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवीन.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेम म्हणजे सुपर स्मॅश ब्रदर्स. मारामारीचाच, पण समोरच्याची लाईफ संपवायची नसते, त्याला स्टेजवरून, म्हणजे लढायच्या जागेवरून, बाहेर भिरकावायचं असतं. मार खाल्ला की तुमचे टक्के चढतात, आणि टक्के जितके जास्त तितके तुम्ही पुढच्या फटक्याला लांब उडता. म्हणजे पायाखालची जमीन हीच तुमची सगळी इस्टेट. आणि ब्रिन्स्टार ही अशी जागा जिथे ती इस्टेटच भरवशाची नाही.

ब्रिन्स्टार मुळात मेट्रॉईडमधली. १९८६ ला जपानमध्ये निंटेंडोच्या फॅमिकॉम डिस्क सिस्टिमवर आलेला गेम, झेबेस नावाचा परका ग्रह, त्याच्या पोटात एकाखाली एक गुहा, त्यातली पहिली ही. जुन्या लोकांना त्या गेमची एक गंमत ठाऊक असेल, तेव्हाच्या बऱ्याच गेमांत आपण डोळे मिटून उजवीकडे पळायचो, इथे पहिली कामाची वस्तू डावीकडे ठेवलेली. असो. स्मॅशमध्ये १९९९ च्या पहिल्याच भागात झेबेसचा एक स्टेज होता, खालून ॲसिड चढायचं ते तिथपासूनचं. मग २००१ च्या मेली या पुढच्या भागात ही ब्रिन्स्टार आली आणि माझं भांडण-प्रेम जे काय आहे ते हिच्याशी. मधोमध एक ओटा, पण तो अखंड नाही, दोन तुकडे मांसासारख्या कसल्यातरी लिबलिबीत सांध्याने जोडलेले. सांध्यावर वार करत राहिलात की तो तुटतो आणि ओट्याचे दोन भाग होतात. थोड्या वेळाने सांधा आपोआप परत उगवतो. आणि खाली ॲसिड. कधी थोडंसं वर येऊन मागे जातं, कधी पार ओटा बुडवून टाकतं, मग सगळ्यांनी वरच्या फळीवर एकमेकांच्या उरावर. मेट्रॉईडची नायिका सॅमस बाई त्या गुहेची जुनी गिऱ्हाईक, तिलाही ॲसिड सोडत नाही, हे मला पहिल्यापासून आवडलेलं.

आता खरं कारण. धाकटे काका शिपवर होते. गोव्यात हे वाक्य पुरेसं आहे, बाहेरच्यांसाठी सांगतो, म्हणजे सहा-आठ महिने कुठल्यातरी बोटीवर आणि मग एक दिवस दारात टॅक्सी थांबते आणि तीन बॅगा उतरतात. अशाच एका बॅगेतून अमेरिकेत घेतलेला गेमक्यूब, म्हणजे मेली ज्यावर चालायचा तो निंटेंडोचा डबा, साखळीच्या आमच्या जुन्या घरी आला, ऐन चवथीच्या आदल्या दिवशी. गणपतीच्या वरची फळापानांची माटोळी बांधायचं काम चालू, बायका नेवऱ्या तळतायत, आणि आम्ही पाच चुलत भावंडं त्या जांभळ्या डब्याभोवती. मोठ्या दादाने काय केलं, ॲडॅप्टर सरळ भिंतीतल्या प्लगला लावला. अमेरिकेचा ॲडॅप्टर एकशेवीस व्होल्टचा, आपली वीज दोनशेतीस. फट्ट आवाज, जळका वास, आणि काकांचा चेहरा अजून आठवतो, ओरडलेच नाहीत, नुसते बघत राहिले. नशीब एवढंच की गेमक्यूबचा ॲडॅप्टर बाहेर असतो, डबा वाचला. बाजारातल्या रेडिओवाल्याने दुसऱ्या दिवशी बारा व्होल्टचं काहीतरी जुगाड करून दिलं, वायरला इन्सुलेशन टेपचे एवढे वेढे की ते सापाने उंदीर गिळल्यासारखं दिसायचं. ते जुगाड सहा वर्षं चाललं.

टीव्ही मात्र जुना. तो फक्त आपल्याकडचं पाल सिग्नल ओळखायचा आणि गेमक्यूब अमेरिकेचा म्हणजे एनटीएससी, त्यामुळे चित्र यायचं पण रंग नाही. सगळं काळंपांढरं. मारिओ करडा, किर्बी करडा, पिकाचू करडा. आणि ब्रिन्स्टारला खालून जे चढायचं ते आमच्या दृष्टीने पाणी होतं. कोणी सांगणारं नव्हतं की ते ॲसिड आहे. घरात कोणाच्या डोक्यात दुसरं काही आलंही नसतं, कारण खिडकीबाहेर वाळवंटी नदी होती.

साखळीचा बाजार ज्यांनी ऐन पावसात बघितलाय त्यांना समजावायला नको. वाळवंटी एरवी गरीब, चार दिवस संततधार लागली की मात्र तिला बाजार आठवतो. आमचं घर उतारावर, दाराला सात पायऱ्या. आजीचा हिशेब ठरलेला, दुसऱ्या पायरीला पाणी लागलं की तांदळाची पोती माळ्यावर, चौथ्याला लागलं की माणसं. रात्री दोनला उठून बॅटरी घेऊन पायऱ्या मोजून यायची. पाऊस पडत असताना ती झोपलेली मी बघितलेली नाही, आणि गंमत म्हणजे पाऊस नसतानाही फारशी नाही.

तर त्या चवथीला आजी आमच्या मागे खुर्चीत बसून वाती वळत होती. टीव्हीत काय चाललंय याच्याशी तिचा संबंध नव्हता. आम्ही चार जण ओट्यावर एकमेकांना बडवतोय, खालून ते करडं पाणी हळूहळू चढायला लागलं, आमच्यापैकी कोणाचंच लक्ष नाही, आणि एकदम मागून आजी ओरडली, "उदक चडटा रे!" आम्ही सगळे दचकलो. मोठी काकू तर स्वयंपाकघरातून हात न पुसता बाहेर आली, तिला वाटलं खरंच. आजी वातीने टीव्हीकडे बोट दाखवून सांगत होती, वरच्या माळ्यावर चढा, वरच्या माळ्यावर.

त्या दिवसापासून आमच्या घरात त्या स्टेजचं नाव "उदक". ब्रिन्स्टार हे नाव मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं. आणि आजी त्या स्टेजची कायमची पहारेकरी झाली. बाकी कुठला स्टेज लावला तर ती वाती वळत खाली मान घालून, उदक लावला की खुर्ची पुढे. कोण जिंकतंय हे तिला कधीच कळलं नाही, कळून घ्यायचंही नव्हतं, ती फक्त पाण्यावर नजर ठेवायची. पण बरोबर सांगायची हो! आम्हाला ते चढायला लागल्यावर दिसायचं, तिला बहुतेक त्याच्या आधीच.

एक मॅच अजून डोळ्यासमोर आहे. मी आणि ताई, दोघांचा शेवटचा जीव. ताई कायम पीच हे पात्र घ्यायची कारण पीचकडे छत्री आहे, पावसात छत्रीवाली बाई घ्यायची हे तिचं लॉजिक, आणि खरं सांगायचं तर बिनचूक लॉजिक, कारण पीच हवेत तरंगत राहू शकते. पाणी चढलं की ती बटण दाबून आरामात अधांतरी, आणि मी लिंक नावाचा गडी, तलवार-ढाल-बूट सगळ्या संसारासकट धपकन खाली. त्या मॅचला माझे नव्वदच्या वर टक्के, ताईने एक सणसणीत लाथ दिली, मी ओट्याच्या कडेवरून खाली गेलो, हात पोचेना, संपलं म्हणून मी कंट्रोलर खाली ठेवलाच होता. आणि तेवढ्यात खालून पाणी आलं. मला लागलं, टक्के आणखी वाढले, पण त्याने मला उचलून वर फेकलं, थेट ओट्यावर.

ते ॲसिड खाली पडलेल्याला गिळत नाही, भाजून वर फेकतं. फुकट नाही फेकत, टक्के घेतं, पण फेकतं. दुसऱ्या स्टेजवर एकदा खाली गेलात की गेलात. इथे बुडणाऱ्याला बुडवणारंच वर काढतं. मी उभा राहिलो, ताई तोंड उघडं टाकून बघतेय, मी तलवार फिरवली ती तिला न लागता मधल्या सांध्याला लागली, सांधा तुटला, ओटा दुभंगला, ताई एका तुकड्यावर मी दुसऱ्यावर. आजीने कपाळाला हात लावला, म्हणाली, हांगाय वांटणी! म्हणजे इथेही वाटणी! त्या वर्षी घराच्या वाटणीवरून बाबा आणि दोन्ही काकांचं चाललेलं होतं हे आम्हा पोरांना माहीत नसल्यासारखं आम्ही वागत होतो. काकू हसली, काका हसले नाहीत. मॅच ताईने जिंकली, अर्थात.

(गेममधला सांधा परत उगवतो. घरात मधोमध विटांची भिंत उभी राहिली ती अजून आहे.)

तर बाकीची कारणं म्हणून जी मी पोरांना ऐकवतो ती सगळी यानंतरची. स्पर्धेत खेळणारे लोक हा स्टेज घेत नाहीत हे बरोबर. सुरुवातीच्या काळात मेलीच्या टूर्नामेंटात तो चालायचा, हरलेल्याने पुढच्या मॅचला निवडायच्या यादीत असायचा, मग काढून टाकला. आता मेलीवाल्यांच्या यादीत सहाच स्टेज उरलेत, बहुतेक सगळे शांत, शिस्तीचे. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, पैसे लावून खेळताना ॲसिडने निकाल फिरवला तर कोणालाही राग येईल, शिवाय पीच आणि जिगलीपफसारख्या तरंगणाऱ्यांना इथे आयताच फायदा. पण माझ्या हॉलमध्ये कोणी पैसे लावत नाही. माझ्या हॉलमध्ये एक पोरगा दिवसाला चार तास सराव करणारा असतो आणि दुसऱ्याने कंट्रोलर आयुष्यात पहिल्यांदा हातात धरलेला असतो. सपाट स्टेजवर ती मॅच चाळीस सेकंदात संपते आणि नवीन पोरगा पुढच्या रविवारी येत नाही. गुहेत निदान दोघांनाही खाली बघावं लागतं.

आणि याच जातीचे दुसरे स्टेज आहेत की, तेही मी लावून बघितलेत. ब्रिन्स्टार डेप्थ्समध्ये मागे तो मेट्रॉईडमधला अगडबंब राक्षस क्रेड उभा राहून अख्खा खडक गरागरा फिरवतो, तो प्रकार मला पाळण्यात बसवल्यासारखा वाटतो, पोटात ढवळतं. नॉरफेअरमध्ये लाव्हा खालून, बाजूने, आणि मधूनच मागून भलीमोठी लाट, तेव्हा एक बंद कोठडी येते तिच्यात घुसून बसायचं, त्यात शिरण्यासाठी जी हाणामारी होते ती बघण्यासारखी, पण तिथे फार गोंधळ. ब्रिन्स्टारचं ॲसिड एकाच दिशेने येतं आणि सावकाश येतं. डोळ्यादेखत चढतं. नदीसारखं. भाजून निघता ते तुम्ही बघत नव्हता म्हणून.

रंगीत मी ते पहिल्यांदा बघितलं कॉलेजात, पणजीला एका मित्राच्या खोलीवर. उकळतंय, चकाकतंय, पाण्याचा काही संबंधच नाही. मला खरंच फसवल्यासारखं झालं दोन मिनिटं. मित्र म्हणाला ॲसिड आहे ते, मी म्हटलं असेल तुमच्याकडे.

मग २०१८ ला निंटेंडोच्या स्विचवर स्मॅशचा अल्टिमेट हा भाग आला आणि त्यात हॅझर्ड बंद करायचं बटण दिलंय. ते बंद केलं की ॲसिड चढतच नाही. भाच्याने एकदा मला न विचारता बंद करून लावलं, तेच ठिकाण, तेच संगीत, आणि मी तिथे उभा राहून पाच मिनिटं खेळलो तर सारखं चुकल्या-चुकल्यासारखं वाटत होतं, मे महिन्यातली वाळवंटी बघावी तसं, गुडघाभर पाणी आणि मधे गोटे. मी उठून चालू केलं. त्यावरून जरा वादावादी झाली, मी घर माझं आहे एवढं बोलून घेतलं, जे बोलायला नको होतं.

आजीला जाऊन आता नऊ वर्षं झाली. पाण्यावर लक्ष ठेवायला मागे कोणी बसत नाही, त्यामुळे मी पूर्वीपेक्षा जास्त भाजून निघतो. परवा खालच्या मजल्यावरचा धाकटा, वय वर्षं अकरा, नुसता बघायला बसला होता, तो ओरडला, "काका, ॲसिड!" मी म्हटलं, उदक म्हण रे. तो म्हणाला, "पण ते उदक नाहीये." बरोबर आहे त्याचं.

राहता राहिला नियम. आमच्याकडे हरलेल्याने पुढचा स्टेज निवडायचा, हे कोणीतरी टूर्नामेंटवाल्यांकडूनच उचलून आणलंय, मी नाही. आता पहिली मॅच दर रविवारी मीच हरतो याला मी काय करू.