नाल्याच्या पाण्यावर काळंभोर झालेलं भात

बेळगावच्या शहापूर, वडगाव, येळ्ळूर शिवारात शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या बळ्ळारी नाल्याचं पाणी शिरलं, की काही दिवसांत भात काळंभोर हिरवं दिसायला लागतं. रस्त्यावरून जाणारा म्हणतो, काय पीक आलंय! फसगत इथंच होते.

शहरी सांडपाण्यात लिटरमागे 30 मिलिग्रॅम नत्र असणं काही विशेष नाही. असं पाणी एकरात 10 सेंटिमीटर उभं राहिलं, तर झालं साधारण 4 लाख लिटर. म्हणजे 12 किलो नत्र रानात उतरलं, युरियाच्या हिशेबात 26 किलो. 45 किलोच्या पोत्यातलं निम्म्याहून जास्त, तेही न मागता आणि बहुतेकदा नको त्या वेळी. जुनी बासमती मुळातच उंच, काडी बारीक. जादा नत्रानं पानं माजतात, काडी मऊ पडते, करपा आणि तुडतुडे येतात. लोंबी भरायच्या वेळी एक जोराची सर आली की सगळं भात लोळतं, आणि झोडणीला निघतं ते पळंज, म्हणजे पोकळ दाणे.

पानांवर जाऊ नका, भाताचं एक चूड (रोपांचा झुबका) उपटून मुळं धुवून बघा. भाताचं मूळ पानांतून आलेली हवा चिखलात सोडतं. त्या हवेनं मातीतलं लोह मुळावर गंजतं, म्हणून निरोगी मूळ पांढरं किंवा तांबूस दिसतं. तो गंज म्हणजे मुळाचं चिलखत. मैला कुजताना चिखलातला प्राणवायू संपतो, सल्फाइड तयार होतं, आणि मूळ काळं पडून सडक्या अंड्यासारखं घाणतं. अशा मुळाला खत घालणं म्हणजे पैसे नाल्यात टाकणं. नाल्याची पातळी उतरली की बांध फोडून पाणी काढा, केसाएवढ्या भेगा पडेपर्यंत तीन-चार दिवस रान सुकू द्या, मग चांगलं पाणी घ्या. पीक फुलोऱ्यात असेल तर मात्र रान सुकवू नका.

पाण्यातल्या जिवांचे हाल वेगळेच. पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी, तेव्हा बारके मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि सामू (pH, पाण्याची आम्लता-अल्कता) 7 वरून 9 पर्यंत चढू शकतो. 25 अंश तापमानाला सामू 7 असताना सांडपाण्यातल्या अमोनियाचा (नत्राचंच एक रूप) जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, 9 ला सुमारे 36 टक्के. पाणी तेच, नत्र तेवढंच, पण बेडकाची शेपटीवाली पिल्लं दुपारच्या उन्हात मरतात. क्युलेक्स डासाच्या अळ्या शेपटीकडच्या नळीनं वरची हवा घेतात, त्यामुळं त्या तगतात. त्यांना खाणारेच संपलेले असतात. फवारणी करून डास का हटत नाहीत, याचं निम्मं उत्तर इथं आहे.

पाणी येऊन गेल्यावर ठरलेला युरियाचा हप्ता डोळे झाकून टाकू नका. पानांच्या रंगाचा तक्ता (हिरव्या छटांची नंबर टाकलेली पट्टी) पानाला लावून बघा. बासमतीचं पान 3 नंबरपेक्षा गडद असेल तर हप्ता सोडा.

नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी प्यायला वापरत असाल, तर नायट्रेट (पाण्यात विरघळलेलं नत्राचं रूप) तपासून घ्या. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटेल तसं ते दाटच होत जातं.