दगड वाटला

मलेशियात पहांग राज्यात महामार्गाच्या देखभालीचं काम करत होतो तेव्हाची गोष्ट. रात्रपाळीला झाड पडणं, ट्रकचा टायर फुटणं नेहमीचंच. त्या रात्री अडीचला फोन आला तेव्हाही तसंच काही असेल म्हणून निघालो.

तेमेरलोहच्या पुढे रस्त्यात टापीरची मादी मरून पडली होती. ठेंगण्या गाईएवढं धूड, डोकं आणि पाय काळे, पाठपोट पांढरं, जणू अंगावर चादर टाकलेली. नाक सोंडेसारखं लोंबतं. पुढच्या पायांना चार खूर, मागच्यांना तीन. इकडचे लोक तिला 'बादाक ताम्पुंग' म्हणतात, म्हणजे ठिगळाचा गेंडा. खरोखरच गेंडा आणि घोडा हेच हिचे जवळचे नातलग.

ट्रकचालक कडेला बसून "बातू, बातू" एवढंच म्हणत होता. बातू म्हणजे दगड. मी टेप लावून मोजलं. टायरचे ओरखडे धडकेच्या जागेच्या पुढे सुरू होत होते. धडक बसेपर्यंत ब्रेक लागलाच नव्हता. माणूस खरं सांगत होता. जंगलात रात्री या काळ्या-पांढऱ्या रंगामुळेच वाघाला तिचा आकार उमगत नाही म्हणतात. डांबरावरही तो उमगत नाही.

आमच्या मुकादमाला मी अबांग म्हणायचो, आपल्याकडे दादा म्हणतात तसं. अबांगनं टॉर्च खाली धरला. मागच्या पायांमधल्या दोन्ही सडांना दूध होतं. आम्ही दोघंही गप्प झालो. तेवढ्यात उतारावरून शीळ ऐकू आली, बारीक, एखाद्या पाखरासारखी. पिल्लू आईला बोलावत होतं.

पहाटे वन्यजीव खात्याच्या माणसांनी जाळी टाकून ते धरलं. तपकिरी अंग, त्यावर पांढरे पट्टे आणि ठिपके, थेट कलिंगड. पोटाशी हात लावला तर काळीज धडधडत होतं. सेलांगोरला, सुंगाई दुसुनच्या केंद्रात नेऊ म्हणाले. जगात प्रौढ मलायी टापीर २५०० सुद्धा उरले नसावेत. मादी १३ महिने पोट वागवते आणि तेव्हा कुठे एक पिल्लू होतं. ते माहीत असल्यामुळे गाडी दिसेनाशी होईपर्यंत माझा पाय तिथून निघेना.

पिल्लू सापडलं तिथंच रस्त्याखालची चौकोनी मोरी होती. पावसाळ्यातला गाळ नि फांद्या अडकून ती पार तुंबलेली. साफ करायच्या मोऱ्यांच्या यादीत ती होती, आणि यादी माझ्याकडेच होती. दोन आठवडे मी ती पुढे ढकलली होती.

जेसीबी यायच्या आधी टॉर्च घेऊन वाकत वाकत आत गेलो. गाळात ठसे उमटले होते. तिचे मोठे, आणि त्यांना लागूनच पिल्लाचे. अडकलेल्या फांद्यांपर्यंत गेले होते आणि तिथून मागे वळले होते.