दगडी पाल्याचं औषध का होत नाही?

वनस्पतींचे अर्क जखमेवर तपासणं हे माझं काम आहे असं कळलं की लग्नाच्या पंगतीत असो की एसटीत, शेजारचा हमखास म्हणतो, "आमची आजी दगडी पाला चोळायची, दोन दिवसांत खपली. तुम्ही अजून काय तपासताय? औषध का काढत नाही?"

तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. खरचटलेलं पाला न लावताही बरं होतं. धडधाकट पोराच्या गुडघ्याला काहीही फासा, खपली धरतेच. म्हणून पाल्याविना लागला असता त्याहून कमी वेळ लागला का, हे बघावं लागतं आणि त्यासाठी पाला न लावलेली तशीच दुसरी जखम हवी. आजीकडे ती नव्हती. (आणि पाला पुराणकाळापासूनचा म्हणतात, पण ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातली.)

प्रयोगशाळेत तशा जखमा उंदरांवर करतात. भूल देऊन पाठीवरची साधारण ५०० चौरस मिलिमीटर कातडी काढायची. एका गटाला अर्काचं मलम, दुसऱ्याला अर्काविना तेच मलम, तिसऱ्याला पोव्हिडोन आयोडीनसारखं नेहमीचं औषध. मग अधूनमधून पारदर्शक कागदावर जखमेची कड गिरवायची आणि आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजायचे. मोजणाऱ्याला गट कळता कामा नये, पण पाल्याचं मलम हिरवंगार! मग साध्या मलमातही हिरवा रंग कालवायचा.

एवढं करूनही उंदीर तो उंदीरच. त्याची कातडी सैल, तिच्याखाली स्नायूचा पातळ थर. जखम बटव्याची नाडी ओढावी तशी आवळून बंद होते. आपली जखम मुख्यतः तळातून भरून येते आणि कडेने नवी त्वचा सरकत येऊन ती झाकते. 'जखम इतके टक्के आकुंचली' असं मिरवणारे शोधनिबंध वाचून मी कंटाळले आहे. जखमेभोवती सिलिकॉनची चकती शिवली तर आकुंचन रोखता येतं, पण तो खटाटोप थोडेच करतात.

"पण हळदीचं पेटंट आपण जिंकलो ना?" हा पुढचा प्रश्न. जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आनंदच आहे. पण सिद्ध झालं ते एवढंच की हा उपयोग नवा नाही. हळदीने जखम किती लवकर भरते, हा तिथे वादच नव्हता.

वनस्पतीतून औषध निघत नाही असं मात्र नाही. बर्च नावाच्या झाडाच्या सालीच्या अर्काचं जेल युरोपात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. कातडी जराशा घर्षणाने सोलवटते अशा एका जन्मजात आजारातल्या जखमांसाठी ते आहे. २२३ रुग्णांवरच्या चाचणीत ४५ दिवसांत निवडलेली जखम पूर्ण बंद झाली ती अर्काच्या गटात ४१.३ टक्के जणांची, अर्क नसलेल्या जेलच्या गटात २८.९ टक्के जणांची. तो दुसरा आकडा बघा. तो नसता तर सगळं श्रेय सालीला गेलं असतं.

त्याच अर्काची आधी आणखी एक चाचणी झाली होती, ती मला फार आवडते. त्वचारोपणासाठी रुग्णाच्या अंगावरून कातडीचा पातळ थर काढतात, तेव्हा तिथे एकसारख्या खोलीची जखम होते. तिच्या अर्ध्या भागावर जेल आणि नेहमीची पट्टी, उरलेल्या अर्ध्यावर नुसती पट्टी. माणूस तोच, वय तेच, रक्तातली साखरही तीच.

दगडी पाल्याची अशी चाचणी करावी म्हणून मी एका प्लास्टिक सर्जनच्या मागे लागले आहे. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, पावसाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या पाल्याचा अर्क एकाच ताकदीचा कसा ठेवणार? दुसरा, मलम निर्जंतुक कसं करणार, आणि तापवलं तर पाल्यातलं कामाचं काही शिल्लक राहील का? सध्या आम्ही दुसऱ्या प्रश्नावर आहोत.