वीस मैलांचं नाव

पुण्यातल्या बर्गर किंगचा खटला मी फार बारकाईने वाचत आले आहे. छोट्या व्यावसायिकांचे ट्रेडमार्कचे अर्ज भरणं हे माझं रोजचं काम. पण केवळ त्यामुळे नाही. मला इथल्या इराणी आडनावाच्या दांपत्याची बाजू न्यायाची वाटते.

त्यांचं ‘बर्गर किंग’ हॉटेल १९९२ पासूनचं. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने नावावरून त्यांच्यावर दावा लावला २०११ मध्ये, आणि भारतात स्वतःचं दुकान उघडलं २०१४ च्या नोव्हेंबरात, तेही दिल्लीत. दावा लागला तेव्हा कंपनीचं इथे दुकानच नव्हतं. मग पुण्याच्या कॅम्पात बर्गर खायला येणाऱ्या माणसाची दिशाभूल होत होती ती कुणाच्या दुकानाबद्दल? २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला, २० लाखांच्या भरपाईची मागणीही फेटाळली.

तरी पेच आहेच. ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४ आधीपासून नाव वापरणाऱ्याला संरक्षण देतं, पण त्याचा वापर समोरच्याच्या वापराच्या किंवा नोंदणीच्या तारखेआधीचा लागतो, या दोन्हींत जी आधीची असेल तिच्या. कंपनीची भारतातली नोंदणी १९७९ ची. म्हणजे चुलीवर इराणी पुढे, कागदावर कंपनी. नोंदणीला मान हवाच, नाहीतर माझ्याकडे येणाऱ्या पापडवाल्या मावशींनी ४,५०० रुपये फी का भरावी? पण वर्षानुवर्षं न वापरलेल्या नोंदणीच्या जोरावर चालतं हॉटेल बंद पाडावं, हे मला पटत नाही. पाच वर्षं वापर नसेल तर नोंदणी रद्द करून घेता येते. मात्र ती आपोआप जात नाही, कुणीतरी अर्ज करावा लागतो. १९९२ मध्ये बर्गरचं दुकान टाकणाऱ्याला हे कोण सांगणार होतं?

याच कंपनीचा एक जुना निकाल मला फार आवडतो. इलिनॉय राज्यातल्या मटून गावात एका जोडप्याने १९५७ मध्ये बर्गर किंग सुरू केलं आणि नाव राज्यापुरतं नोंदवलं. फ्लोरिडातल्या कंपनीला देशभराची नोंदणी मिळाली १९६१ मध्ये. जोडप्याला अख्खं राज्य हवं होतं. १९६८ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, मटूनच्या भोवतालच्या वीस मैलांत नाव तुमचं, बाकी कंपनीचं. त्या हॉटेलला पाटी उतरवावी लागली नाही, आणि कंपनी जगभर पसरायची थांबली नाही. ऑस्ट्रेलियात तर ते नाव आधीच दुसऱ्याकडे होतं, म्हणून तिथली दुकानं ‘हंग्री जॅक्स’ नावाने निघाली. तीही उत्तम चालतात.

आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीच्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या हॉटेलला हे नाव वापरायला मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली आणि अपील चालू ठेवायला सांगितलं. दावा लागल्यापासून तोवर चौदा वर्षं होत आली होती. मोठ्या कंपनीला वकिलाचं बिल हा नेहमीचा खर्च असतो. दोघांच्या हॉटेलात ते रोजच्या गल्ल्यातून जातं.

आपल्या कायद्यात मटूनसारखी मैलांची रेघ नाही, हे मला ठाऊक आहे. तरी पुण्यापुरतं ते नाव त्यांच्याकडेच राहावं, असं मला मनापासून वाटतं.