आमची वाटचाल : फ्लॅश न मारता

आमची फोटोग्राफीची फर्म म्हणजे आम्ही दोघे भाऊ, एक पगारी मदतनीस आणि सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या. पोट भरतं ते लग्न-मुंजींवर, हे आधीच सांगून टाकतो. नुसत्या मैफलींच्या फोटोंवर पुण्यात घर चालतं असं कुणी म्हणत असेल, तर त्याची दुसरी काहीतरी मिळकत असणार. तरीही लोक आम्हाला ओळखतात ते मैफलींमुळेच.

सुरुवात गाण्याच्या क्लासांच्या गुरुपौर्णिमेपासून झाली. पालकांना लेकीचा तानपुऱ्यासकट एक बरा फोटो हवा असायचा. त्यातून ओळखी झाल्या, मग घरगुती बैठका आणि पुढे थंडीतले महोत्सव.

या कामात कॅमेऱ्याआधी कान लागतो. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना गायकाचा हात उठतो, तबलजीशी नजरानजर होते, माइकच्या आड गेलेला चेहरा क्षणभर बाहेर येतो. तिहाई, म्हणजे तीनदा वाजून समेवर येणारा तुकडा, कुठे संपणार हे आधी कानाला कळलं पाहिजे. डोळ्याला कळेपर्यंत सम निघून गेलेली असते. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलाला आम्ही आधी त्रिताल आणि एकताल हातावर धरायला लावतो. तबलजीची बोटं सेकंदाच्या 1/500 शटरला बऱ्यापैकी स्थिर येतात, 1/60 ला त्यांचा धूर होतो. मला धूर आवडतो, धाकट्याला बोटं. या वादाचा निकाल अजून लागलेला नाही.

डीएसएलआरच्या काळात विलंबित ख्याल चालू असताना शटरचा आवाज चार रांगांपर्यंत जायचा. पुणेरी श्रोता अशा वेळी बोलत नाही, नुसता वळून बघतो. ते जास्त लागतं. आतला आरसा नसलेले मिररलेस कॅमेरे घेतले आणि इलेक्ट्रॉनिक शटरमुळे तो प्रश्न सुटला, पण एलईडी दिव्यांनी दुसरा उभा केला: फोटोत आडवे पट्टे. शिवाय हल्लीच्या सजावटकारांना जांभळ्या प्रकाशाचं भारी वेड. त्यात गायकाच्या चेहऱ्याचा सगळा तपशील वाहून जातो. असे फोटो आम्ही ब्लॅक अँड व्हाइट करून देतो आणि आयोजक त्याला ‘कलात्मक’ म्हणतात.

दुसऱ्यांचं काम बघायची सवय सवाई गंधर्व महोत्सवात लागली. तिथे सतीश पाकणीकरांनी मांडलेली प्रकाशचित्रं बघायला मध्यंतरात चहा सोडून जायचो. भीमसेनजी, किशोरीताई, कुमारजी यांचे चेहरे त्यांनी ज्या जिव्हाळ्याने टिपलेत, तो नुसत्या महागड्या लेन्सने येत नाही.

फोटोग्राफर दयानिता सिंग आम्हाला फार उशिरा सापडल्या. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत शिकताना त्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर हिंडल्या आणि 1986 मध्ये त्या फोटोंचं पुस्तक आलं. 2019 मध्ये जर्मनीच्या स्टायडल प्रकाशनाने त्यांची मूळ हाताने केलेली प्रत तशीच छापली. 2022 मध्ये त्यांना फोटोग्राफीचा हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. पण आम्ही अडकलो ते त्या विद्यार्थीदशेतल्या पानांवरच. त्यात मंचाबाहेरचे झाकीरभाई आहेत: प्रवासातले, घरातले. ते पाहिल्यापासून आम्ही कार्यक्रमाच्या वेळेला न जाता तानपुरे लावायच्या वेळेला जातो. ग्रीनरूममध्ये तानपुऱ्याच्या जवारीत (तारांखालच्या घोडीवर) दोरा सरकवणारी शिष्या, शालीत हात गरम करणारा सारंगिया. आमच्या कामात जे काही बरं आहे, ते बरंचसं त्या अर्ध्या-पाऊण तासातलं आहे.

धाकटा रॉककडे वळला. पुण्यात 2010 ला एनएच7 वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला, तेव्हापासून त्याचं तिकडे लक्ष होतंच. तिथलं गणित वेगळं: बऱ्याच बँडना पहिली तीनच गाणी चालतात, मग फोटोग्राफरांनी मंचापुढच्या पट्ट्यातून बाहेर पडायचं. डॅनी क्लिंच या अमेरिकन फोटोग्राफरने काढलेले रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचे फोटो तो मला दाखवत बसतो. मला ते गाणं फारसं कळत नाही, फोटो कळतात.

पैशाचं म्हणाल, तर ‘तुमचं नाव लावू’ हे मानधन अजूनही देऊ केलं जातं. नाव लागतं तेही कोपऱ्यात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे जाताना कापलं जातं. आता आम्ही निम्मी रक्कम आगाऊ घेतो. हल्ली आयोजकांना रात्रीच रील हवं असतं, म्हणून यंदा दरपत्रकात एक अट वाढवली आहे: आलाप चालू असताना आमचा माणूस मंचासमोर जाणार नाही. ज्यांना हे चालणार नाही, त्यांनी रीलसाठी वेगळा मुलगा लावावा. ओळखीतले दोघे-तिघे आहेत, नंबर आम्हीच देतो.